रुंद टायर की कमी हवा? वाळूवर गाडी चालवायला शिकवणारे राल्फ बॅगनॉल्ड

मंगळावर काळपट वाळूच्या टेकड्यांची एक रांग आहे. गेल नावाच्या विवरात, माउंट शार्पच्या पायथ्याशी. २०१५ च्या शेवटी नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर तिथे पोहोचला आणि पृथ्वीबाहेरच्या जिवंत, म्हणजे वाऱ्याने अजूनही सरकणाऱ्या टेकड्या माणसाने पहिल्यांदाच जवळून बघितल्या. शास्त्रज्ञ या टेकड्यांना बॅगनॉल्ड ड्यून्स म्हणतात.

क्युरिऑसिटीचं प्रत्येक चाक ५० सेंटीमीटर उंच आणि ४० सेंटीमीटर रुंद आहे. म्हणजे उंचीच्या मानाने प्रचंड रुंद. नंतर २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्सची चाकं मात्र मुद्दाम थोडी उंच आणि थोडी अरुंद बनवली. नवी गाडी, नवी चाकं आणि रुंदी कमी? आपल्याकडे तर जीप किंवा थार घेतली की पहिला प्रश्न असतो, सगळ्यात रुंद टायर कोणता बसेल? मग नासाने उलटं का केलं?

याचं उत्तर ज्याच्या गोष्टीतून सगळ्यात छान समजतं, तो माणूस म्हणजे या टेकड्यांना ज्यांचं नाव दिलंय ते राल्फ अल्जर बॅगनॉल्ड. पेशाने सैनिक, डिग्रीने इंजिनिअर आणि सुट्टीत वाळवंटात जुन्या फोर्ड गाड्या पळवणारे. त्यांच्या काळात टायरचा निर्णय चुकला तर टो करायला कुणी येणार नव्हतं. पाणी संपायच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर तिथेच राहायचं.

खंदकातून कॉलेजात

राल्फ यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ चा, इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. वडील ब्रिटिश सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत अधिकारी होते. मोठी बहीण एनिड पुढे लेखिका म्हणून गाजली, ‘नॅशनल वेल्व्हेट’ ही कादंबरी तिचीच. राल्फ वडिलांच्याच वाटेने गेले. १९१५ मध्ये ते रॉयल इंजिनिअर्समध्ये भरती झाले आणि थेट पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर पोहोचले. सोम, ईप्र, पाशेंडेल ही त्या युद्धातली सगळ्यात भयानक नावं. तिथल्या गुडघाभर चिखलात माणसं, घोडे, तोफा, सगळंच रुतत होतं.

युद्ध संपल्यावर ते केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला गेले. नंतर पुन्हा सैन्यात, या वेळी सिग्नल्स विभागात. १९२० च्या दशकाच्या मध्यात पोस्टिंग मिळालं कैरोला. आणि इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

तीन इंची चाक आणि अथांग वाळू

कैरोच्या पश्चिमेला लिबियन वाळवंट सुरू होतं. त्यात ग्रेट सँड सी, म्हणजे वाळूचा समुद्र आहे. क्षेत्रफळ सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटर. शंभर मीटर उंचीच्या टेकड्या एकामागे एक उत्तर-दक्षिण रांगेत उभ्या. १८७४ मध्ये गेऱ्हार्ड रोल्फ्स या जर्मन प्रवाशाने उंटांचा तांडा घेऊन हा समुद्र ओलांडायचा प्रयत्न केला. टेकड्यांची रांग आडवी आली आणि त्याला रस्ता बदलून उत्तरेला सीवा ओअ‍ॅसिसकडे वळावं लागलं. उंटांना जे जमलं नाही ते मोटारीला काय जमणार, असंच सगळे धरून चालले होते.

बॅगनॉल्ड आणि त्यांचे अधिकारी मित्र सुट्टीच्या दिवशी फोर्ड मॉडेल टी घेऊन बाहेर पडायचे. आधी सिनाई, मग १९२७ मध्ये सीवा. मॉडेल टी म्हणजे २० हॉर्सपॉवरची गाडी, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि टायर ३ ते साडेतीन इंच रुंद. आजच्या बऱ्याच मोटरसायकलींचा मागचा टायरही यापेक्षा रुंद असतो!

असं अरुंद, टणक हवेचं चाक वाळूत काय करतं? आपल्याकडची जुनी बैलगाडी आठवा. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव. कडक रस्त्यावर झकास चालते. पण पावसाळ्यात काळ्या रानात शिरली की धाव सुरीसारखी मातीत घुसते. टायरची बैलगाडी आली तेव्हा त्याच रानात त्याच बैलांना तेवढंच ओझं हलकं वाटायला लागलं. बैल तेच, ओझं तेच, फक्त ओझं मातीवर टेकण्याची जागा वाढली.

मॉडेल टी हलकी होती म्हणून निभावलं. पण लांबच्या प्रवासाला पेट्रोल, पाणी, अन्न, सुटे भाग सगळं सोबत न्यायचं तर गाडी जड होणार. जड गाडी जास्त रुतणार. रुतली की जास्त पेट्रोल जाणार. जास्त पेट्रोल लागणार म्हणून अजून वजन न्यायचं. हे दुष्टचक्र तोडणं हाच बॅगनॉल्ड यांच्यासमोरचा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न होता.

गणित आधी समजून घेऊ

इथे दोन मिनिटं थांबू, कारण पुढची सगळी गोष्ट या एका हिशेबावर उभी आहे.

समजा गाडीचं वजन १,६०० किलो. चार चाकांवर सारखं वाटलं तर एका चाकावर ४०० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वादोन किलो. हे ४०० किलो मुख्यतः आतली हवाच उचलून धरते. म्हणजे टायर जमिनीला टेकतो ती जागा असेल ४०० भागिले २.२५, सुमारे १७८ चौरस सेंटीमीटर. आपल्या तळहातापेक्षा थोडीशीच मोठी.

आता टायर २० सेंटीमीटर रुंद असेल तर हा ठसा साधारण ९ सेंटीमीटर लांब पडेल. टायर बदलून २५ सेंटीमीटर रुंद घातला, पण हवा ३२ च ठेवली तर? वजन तेच, हवा तीच, त्यामुळे क्षेत्रफळही तेच, १७८. फक्त ठसा रुंद आणि आखूड होतो, ७ सेंटीमीटर लांबीचा. जमिनीवरचा दाब बदललाच नाही!

आणि तोच जुना २० सेंटीमीटरचा टायर ठेवून हवा १६ वर आणली तर? क्षेत्रफळ दुप्पट, ३५६ चौरस सेंटीमीटर. ठसा जवळजवळ १८ सेंटीमीटर लांब. जमिनीवरचा दाब निम्मा.

खऱ्या टायरमध्ये साइडवॉलही थोडं वजन पेलते, त्यामुळे आकडे इतके काटेकोर येत नाहीत. पण मुद्दा पक्का आहे. वाळूत गाडी तरंगते ती कमी हवेमुळे. नुसत्या रुंदीमुळे नाही.

मग रुंद टायरचा फायदा काय? फायदा आहे, पण तो दुसऱ्या दाराने येतो. मोठ्या टायरमध्ये जास्त हवा मावते. त्यामुळे तेवढंच वजन तो कमी दाबावर उचलू शकतो, टायरचं पोट रिमला घासत नाही, साइडवॉल चिरडत नाही. अरुंद टायरची हवा फार कमी केली की रिम थेट दगडावर आपटते. म्हणजे रुंदी तुम्हाला हवा कमी करायची परवानगी देते. ती परवानगी वापरलीच नाही तर रुंद टायरचे पैसे निम्मे वाया.

फुगीर टायर, सुट्टी आणि वाळूचा समुद्र

नशिबाने टायरचं तंत्रज्ञानही त्याच काळात बदलत होतं. १९२३ मध्ये फायरस्टोनने बलून टायर बाजारात आणले. जास्त जाडीचे, कमी हवेवर चालणारे. मग मॉडेल टी ची जागा मॉडेल ए ने घेतली, ४० हॉर्सपॉवरची आणि साडेचार इंची टायरची.

दरम्यान बॅगनॉल्ड यांची बदली हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर झाली होती. पण डोक्यातलं वाळवंट काही जाईना. त्यांनी सुट्ट्या साठवल्या, मित्र जमवले, खर्च आपापसात वाटून घेतला. १९२९ मध्ये पहिली मोठी मोहीम, १९३० मध्ये दुसरी, १९३२ मध्ये तिसरी. सरकारी पैसा नाही, कुणाचा आदेश नाही. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट.

वाळूच्या टेकड्यांसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर साहजिकच हळू जावंसं वाटतं. बॅगनॉल्ड यांना कळलं की इथे हळू जाणं म्हणजे रुतणं. त्यांनी वेग घेऊन गाडी सरळ चढावर घातली. गाडी चक्क वर गेली, कारण वाऱ्याच्या बाजूची वाळू घट्ट होती. मात्र माथ्यावर पोहोचताना थांबायचं कुठे हे ठरवावंच लागे, कारण पलीकडे सरळ उतार असू शकतो. या पद्धतीने १९३० मध्ये त्यांच्या गाड्यांनी तो वाळूचा समुद्र ओलांडला. १९३२ च्या मोहिमेत तर ते सुदानमधल्या अल फाशेरपर्यंत जाऊन आले, एकूण सुमारे ६ हजार मैल.

त्यांच्या गटाने वाळूत शिरताना टायरची हवा कमी करायची पद्धतच पाडली. आज ऑफ-रोडिंग शिकवणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी हेच सांगतो. पण बॅगनॉल्ड इथेच थांबले नाहीत. टायरचं काम टायर करतोच, पण तो अडकला तर पुढे काय, याचाही त्यांनी विचार केला.

कैरोतल्या भंगारवाल्याकडे त्यांना लोखंडी पन्हाळीसारखे लांब पत्रे सापडले. महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला वापरलेले. ते त्यांनी रुतलेल्या चाकापुढे टाकायला वापरले. चाकाने खणलेल्या खड्ड्यातून त्या पत्र्यावर चाक चढतं आणि गाडी सुटते. आज ऑनलाइन मिळणारे केशरी रंगाचे रिकव्हरी ट्रॅक त्याच कल्पनेचे वारस आहेत.

रेडिएटरमधलं पाणी उकळून वाया जायचं. त्यांनी वाफ नळीने एका डब्यात सोडली, डब्यात थोडं पाणी आधीच भरलेलं. वाफ त्यात थंड होऊन पाणी व्हायची आणि इंजिन गार पडलं की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. आजच्या प्रत्येक गाडीत कूलंटची जी प्लॅस्टिकची टाकी असते, तिच्यामागेही हाच विचार आहे.

गाडीच्या लोखंडामुळे चुंबकाचा कंपास चुकायचा. म्हणून त्यांनी सूर्याच्या सावलीवर चालणारा कंपास सुधारून गाडीवर बसवला. सुईची सावली तबकडीवर कुठे पडते ते बघत दिशा धरायची. बॅटरी नाही, सिग्नल नाही, अपडेट नाही.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना फाउंडर्स मेडल दिलं. १९३५ मध्ये ‘लिबियन सँड्स’ हे त्यांचं प्रवासाचं पुस्तक आलं. त्याच वर्षी आजारपणामुळे ते सैन्यातून निवृत्त झाले. वय ३९.

एकाच टेकडीवर दोन प्रकारची वाळू

बहुतेक लोक इथे थांबले असते. बॅगनॉल्ड यांना मात्र एक प्रश्न छळत होता. एकाच टेकडीवर, एकाच रंगाची, एकाच आकाराच्या कणांची वाळू. एका जागी गाडी डांबरी रस्त्यासारखी पळते आणि दहा मीटरवर आसापर्यंत बुडते. असं का?

उत्तर शोधायला त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये स्वतः एक पवनबोगदा उभारला. त्यात वाळू पसरायची, वारा सोडायचा आणि मोजत बसायचं. १९३८ मध्ये ते पुन्हा वाळवंटात गेले, प्रयोगशाळेतले आकडे खऱ्या वादळात तपासायला. लोक वादळापासून पळतात, हे वादळात उपकरणं घेऊन उभे!

त्यांना दिसलं की वाळू धुळीसारखी हवेत उडत नाही. कण उड्या मारतात. एक कण वाऱ्याने उचलला जातो, पुढे जाऊन आपटतो आणि त्या धक्क्याने दुसरे कण उडतात. सगळी हालचाल जमिनीलगत. वाऱ्याचा जमिनीलगतचा जोर वाढला तर वाहून जाणारी वाळू त्याच्या घनाने वाढते. जोर दुप्पट तर वाळू साधारण आठपट.

आणि त्या मऊ-घट्ट कोड्याचं उत्तरही यातच होतं. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर कण एकेक करून ठोकले जातात, एकमेकांच्या फटीत घट्ट बसतात. तिथे गाडी चालते. माथ्यावरून पलीकडे मात्र वाळू नुसती घरंगळते. कण कसेही पडतात, मध्ये मोकळ्या जागा राहतात. डब्यात साखर ओतली की ती सैल असते आणि डबा ठोकला की खाली बसते, तसंच. घरंगळलेल्या बाजूला चाक गेलं की वाळू एकदम बसते आणि गाडी बुडते.

म्हणजे टायर निवडण्याआधी जमीन ओळखायची. हे संशोधन १९४१ मध्ये ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ या पुस्तकात आलं. वाळू आणि वारा यांवर काम करणारे आजही त्याचा आधार घेतात.

छंद युद्धात उतरला

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि निवृत्त बॅगनॉल्ड यांना परत बोलावलं. पोस्टिंग होतं पूर्व आफ्रिकेत. पण भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठी ते पोर्ट सईदला लागलं. बॅगनॉल्ड तिथून कैरोला गेले. सेनापती वेव्हेल यांना कळलं की वाळवंट ओळखणारा हा माणूस शहरात आहे, आणि त्यांनी त्यांना तिथेच ठेवून घेतलं.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. लिबियात इटलीचं मोठं सैन्य होतं. बॅगनॉल्ड यांनी प्रस्ताव दिला, छोट्या तुकड्या गाड्यांतून वाळूच्या समुद्रामागून शत्रूच्या पाठीमागे पाठवायच्या. वेव्हेल यांनी सहा आठवडे दिले. सहा आठवड्यांत माणसं, गाड्या, रेशन, प्रशिक्षण, सगळं!

माणसं बहुतेक न्यूझीलंडची मिळाली, शेतावर ट्रॅक्टर-ट्रक चालवलेली. गाड्या कोणत्या निवडल्या असतील? दीड टनी शेव्हरोले ट्रक, ताकद फक्त मागच्या चाकांना. फोर बाय फोर नाही! फोर बाय फोरला जास्त पेट्रोल लागतं, आणि त्यांचा सगळा खेळ एका भरणीत किती लांब जाता येतं यावर होता. वजन कमी ठेवायचं, टायर मोठे, हवा बेताची आणि ड्रायव्हर शिकलेला. पुढे १९४२ च्या शेव्हरोले ट्रकवर साडेदहा इंची वाळूचे टायर आले.

हीच ती लाँग रेंज डेझर्ट ग्रुप. सप्टेंबर १९४० मध्ये तिच्या पहिल्या तुकड्या निघाल्या. ज्या वाळूला इटालियन सैन्य भिंत समजत होतं, ती यांच्यासाठी दार होती.

पण यात रोमँटिक काही नव्हतं. जानेवारी १९४१ च्या शेवटी जेबेल शरीफजवळ एका तुकडीवर हल्ला झाला. बॅगनॉल्ड यांचे जुने साथीदार पॅट क्लेटन जखमी होऊन पकडले गेले. गाड्या गेल्याने मागे राहिलेले रोनाल्ड मूर आणि आणखी तिघे जेमतेम पाण्यावर वाळवंटातून चालत निघाले. दहा दिवस, सुमारे २१० मैल. मूर शेवटपर्यंत चालत राहिले. चौघांपैकी एकजण सापडल्यानंतरही वाचला नाही. या वाळवंटात चाकं गेली की माणसाच्या हातात काय उरतं, ते या एका घटनेत दिसतं. सुट्टीतल्या हौसेने काढलेल्या वाटा आता माणसांच्या जगण्या-मरण्याच्या वाटा झाल्या होत्या.

१९४१ च्या मध्यात बॅगनॉल्ड यांनी तुकडीचं नेतृत्व गाय प्रेन्डरगास्ट या जुन्या मोहिमेतल्या मित्राकडे सोपवलं. १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पीएचडी नाही, प्रोफेसरकी नाही, तरीही. १९४६ मध्ये लग्न झालं. नंतरची कित्येक वर्षं ते नद्यांमध्ये वाळू कशी वाहते यावर संशोधन करत राहिले. १९७७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, पृथ्वी आणि मंगळावरच्या वाळवंटांची तुलना करणाऱ्या नासाच्या परिषदेत त्यांचं भाषण झालं. २८ मे १९९० रोजी ते गेले, वय ९४.

मग नासाने चाक अरुंद का केलं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. रुंदीचे तोटेही असतात. रुंद चाक वाळूत थोडं जरी बुडलं तरी समोर वाळूचा बांध ढकलत जातं, बुलडोझरच्या पात्यासारखं. चाक जितकं रुंद, तितका बांध मोठा. म्हणून तेवढंच क्षेत्रफळ हवं असेल तर रुंद आणि आखूड ठशापेक्षा लांब आणि अरुंद ठसा बरा. लांब ठसा दोन मार्गांनी मिळतो, हवा कमी करून किंवा चाकाची उंची वाढवून. चंद्रावरच्या अपोलो रोव्हरचं जाळीचं चाक बघा, ३२ इंच उंच आणि फक्त ९ इंच रुंद.

क्युरिऑसिटीच्या चाकात हवा नाही, ते ॲल्युमिनियमचं. मंगळावरच्या टोकदार दगडांनी त्याच्या पातळ पत्र्याला भोकं पाडली. म्हणून पर्सिव्हरन्सचा पत्रा जाड केला, खाचा बदलल्या, उंची थोडी वाढवली आणि रुंदी घटवली. रुंदी हा एकटा आकडा नाही. वजन, उंची, मजबुती आणि जमीन यांच्यासोबत जुळवायचा तो एक आकडा आहे.

तुमच्या गाडीसाठी यातून काय घ्यायचं?

पहिलं, जमीन ओळखा. खोल मऊ वाळूत मोठा टायर आणि कमी हवा. पण वर पातळ चिखल आणि खाली कडक मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून खालची पकड घेतो, रुंद टायर वरच घसरत राहतो. मारुतीची जिम्नी १९५ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर येते आणि तरी ऑफ-रोडला गाजते, कारण गाडी हलकी आहे.

दुसरं, टायरची रुंदी आणि रिमची रुंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. २६५/७५ आर१६ यात २६५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १६ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. रिम किती रुंद हवी ते यात लिहिलेलंच नसतं! प्रत्येक टायर कंपनी त्यासाठी एक मर्यादा देते. या मापाला ती साधारण ७ ते ८ इंच असते. रिम अर्धा इंच रुंद घेतली की टायर साधारण ५ मिलिमीटर पसरतो.

खूप रुंद रिमवर साइडवॉल ताणली जाते, रिमची कड उघडी पडते, आणि हवा कमी केली की टायर रिमवरून सुटण्याची भीती वाढते. खूप अरुंद रिमवर टायर मधोमध फुगतो, मधलाच भाग झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. ऑफ-रोडला हवा कमी करून चालवणारे म्हणूनच मर्यादेतली अरुंद बाजू पसंत करतात. दिसायला रुबाब थोडा कमी, पण टायर जागेवर राहतो.

तिसरं, नवे टायर घ्यायच्या आधी जुन्यांची हवा कमी करून बघा. एक प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर टायरच्या सेटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. वाळूत ३२ वरून १५ ते १८ पर्यंत येणं नेहमीचं आहे. मात्र कमी हवेवर झटक्यात वळू नका. आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भराच, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्याला तर बऱ्याच ठिकाणी बंदी असते, ते आधी विचारून घ्या.

चौथं, वजन काढा. छतावरचं कॅरिअर, नको असलेली लोखंडी बंपर, जास्तीचं सामान. बॅगनॉल्ड यांनी फोर बाय फोर सोडून हलका ट्रक निवडला होता, हे विसरू नका.

बॅगनॉल्ड यांच्याकडे आपल्यापेक्षा अरुंद टायर होते, निम्म्याहून कमी ताकदीचं इंजिन होतं आणि रस्ता दाखवायला एक सावली होती. तरी ते जाऊन परत आले, कारण गाडीत काय बसवायचं यापेक्षा खालची जमीन काय करतेय, हे त्यांनी आधी विचारलं. पुढच्या वेळी टायरच्या दुकानात सगळ्यात रुंद सेटवर बोट ठेवण्याआधी हा एक प्रश्न विचारून बघा. कदाचित तुमचे ३०-४० हजार रुपये वाचतील आणि गाडीही रुतणार नाही.